मिशीआडचं हसू

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराचं मराठा पगडीतलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९२१ साली तो माळव्यातल्या देवासला, तिथल्या दोन संस्थानांपैकी थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता, तेव्हाचं. पगडी, तिच्याखाली लांबट चेहरा आणि ओठांवर उतरलेली मिशी. त्या मिशीआड हसू आहे की नाही, हे काही केल्या ठरत नाही. मी ते छायाचित्र पुष्कळदा पाहिलं आहे आणि दर वेळी माझं उत्तर बदललं आहे.

त्याच दिवसांत त्यानं आईला आणि मित्रांना लिहिलेली पत्रं मात्र हसण्यानं ओसंडून वाहतात. ती पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. १९१२ च्या अखेरीस तो पहिल्यांदा देवासला गेला, तेव्हा मेजवानीसाठी त्याला हिंदुस्थानी पोशाख चढवला होता. त्याची हकीगत तो इतकी रंगून सांगतो की वाचणाऱ्याच्याही ओठांवर हसू येतं. महाराज थट्टेखोर, अंगानं लहानखुरे, माणसांत रमणारे. दरबारात घोटाळे, रुसवेफुगवे, गमतीजमती. एवढं सगळं कागदावर आहे, आणि छायाचित्रांत बहुतेक सगळे गंभीर!

धार, देवास, इंदूर, उज्जैन या पट्ट्यात ज्यांची मुळं आहेत, त्या मराठी घरांतून हेच दिसतं. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, कडा पिवळ्या पडलेला फोटो. मधोमध खुर्चीत आजोबा, काठीवर हात. शेजारी नऊवारीतली आजी, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. मुलं ताठ उभी. नातवंडं विचारतात, हे लोक कधी हसतच नव्हते का? मग आपणच ठरवून टाकतो, की जुना काळ कडक होता, माणसं धाकात होती. या उत्तरावर माझा विश्वास नाही, म्हणून हा लेख.

आधी धार आणि देवास ही गावं समजून घेऊ. अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात उतरल्या, तेव्हा पवारांनी इथे बस्तान बसवलं. धारला एक शाखा आणि देवासला तुकोजी व जिवाजी हे दोघे भाऊ. देवासची दौलत दोघांत वाटली गेली आणि थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदू लागली. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. सीमा गावातूनच जायची आणि वर टेकडीवर चामुंडा देवी. धारच्या किल्ल्यात तर १७७५ मध्ये आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला. मराठ्यांच्या इतिहासात ही गावं अशी मध्यभागी बसलेली आहेत, आणि तरी पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती आडवाटेची वाटतात.

कॅमेरा माळव्यात आला तो १८५७ नंतर, आणि ही वेळ महत्त्वाची आहे. त्या वर्षी धारच्या किल्ल्याला इंग्रज फौजेनं वेढा घातला, किल्ला घेतला आणि संस्थान जप्त केलं. १८६० मध्ये ते आनंदराव पवारांना परत मिळालं, पण बैरसिया परगणा गेला तो गेलाच. राजे तेव्हा लहान होते. ज्याची गादी गेली आणि परत मिळाली, त्या घराण्याला आपण कसे दिसतो, हा प्रश्न हौसेचा राहत नाही. तोफांच्या सलाम्या मोजल्या जात होत्या, दरबारात कुणाची खुर्ची कितवी हे ठरत होतं. तसबीर हा त्याच हिशेबाचा भाग होता.

जेम्स वॉटरहाऊस नावाचा तरुण तोफखाना अधिकारी सरकारी हुकमानं मध्य हिंदुस्थानात फिरला आणि लोकांची छायाचित्रं घेत गेला. १८६२ मध्ये भोपाळच्या सिकंदर बेगम आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया वेगवेगळ्या पोशाखांत त्याच्यासमोर बसल्या. त्या वेळची रीत डोळ्यांसमोर आणा. काचेवर कोलोडियनचा पातळ थर ओतायचा, अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं आणि सुकायच्या आत तंबूत पळायचं. माळव्याच्या उन्हात हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायला हवं. समोर बसलेल्यानं काही सेकंद हलायचं नाही. मान डगमगू नये म्हणून पाठीमागं लोखंडी टेकू असायचा. हसू इतका वेळ टिकत नाही. सुरुवात खरी असली तरी तिसऱ्या सेकंदाला ओठ ताणलेले राहतात आणि डोळे विझतात.

मग इंदुरात लाला दीनदयाळ आले. जन्म १८४४ चा, सरधना गावचा, शिक्षण रूडकीच्या अभियांत्रिकी कॉलेजात, नोकरी इंदूरच्या बांधकाम खात्यात. १८७४ मध्ये त्यांनी कॅमेरा हातात घेतला. इंदूरचे रेसिडेंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले, मांडूच्या महालांची छायाचित्रं घेतली, निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. पण त्यांचा हात तयार झाला तो माळव्यात. त्यांच्या तसबिरींत राजे बसलेले असतात ते ठरलेल्या ऐटीत: गुडघ्यावर तळहात, दुसरा तलवारीच्या मुठीवर, गळ्यात मोत्यांच्या माळा, नजर समोर.

आता एक गोष्ट नजरेतून सुटू नये. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा बाजारात आल्या आणि सेकंदाच्या अंशात छायाचित्र निघू लागलं. घोडा पळताना पकडता येत होता, तर हसू का नाही? तरीही पुढची तीस-चाळीस वर्षं चेहरे तसेच राहिले. म्हणजे काच ओली होती हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं आपल्या बोलण्यातच आहे. मराठीत एखाद्याचं ‘हसं होतं’ म्हणजे त्याची चारचौघांत शोभा होते. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हणसुद्धा लोकांच्या कुचेष्टेला न भिण्यासाठीच आहे. ‘दात काढू नकोस’ हे प्रत्येक मुलानं ऐकलेलं वाक्य. जिथे हसण्याच्या पाठीमागं हसं होण्याची भीती उभी आहे, तिथे कायम राहणाऱ्या कागदावर कोण दात दाखवील? आणि ज्याचं राज्य एकदा जप्त होऊन परत आलंय, तो तर मुळीच नाही.

याच्याही आधीचा एक धागा धारमध्येच सापडतो. नाट्यशास्त्रानं हसण्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे अधमांचे. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. राजानं स्मित-हसितापलीकडे जाऊ नये, हा दंडक रंगभूमीवर फार जुना आहे. आणि धार हे रसाचा विचार करणाऱ्यांचं गाव. अकराव्या शतकात भोजराजानं इथूनच राज्य केलं, ‘शृंगारप्रकाश’ हा छत्तीस प्रकाशांचा ग्रंथ लिहिला. पवार घराणं स्वतःला याच परमारांचं वंशज मानतं. १९०३ मध्ये धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांच्या देखरेखीत एक कोरीव शिला उजेडात आली. तिच्यावर राजगुरू मदन याच्या ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचे दोन अंक होते. अख्खं नाटक दगडात कोरून ठेवणारं गाव! उरलेले दोन अंक अजून मिळालेले नाहीत.

त्याच शास्त्रात सात्त्विक भाव वेगळे काढले आहेत: अश्रू, रोमांच, स्वेद, वैवर्ण्य आणि आणखी चार. हात उचलता येतो, भुवई चढवता येते, पण रोमांच हुकमानं उभे राहत नाहीत. त्यासाठी मन त्या जागी जावं लागतं. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण युरोपात छायाचित्रकलेच्या साहाय्यानं नेमका हाच प्रश्न विचारला गेला.

वर्ष तेच, १८६२. वॉटरहाऊस भोपाळात बेगमांच्या तसबिरी घेत होता, आणि पॅरिसमध्ये ग्युयोम द्युशेन या डॉक्टरनं चेहऱ्याच्या स्नायूंवरचं पुस्तक छापलं. एका दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला संवेदना कमी होती. त्याच्या गालाला विजेच्या तारा लावून द्युशेननं एकेक स्नायू आखडवला आणि छायाचित्रं घेतली. ओठांचे कोपरे वर खेचले गेले, पण ते हसू वाटेना. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा गोल स्नायूही आकसतो, खालची पापणी उचलली जाते, कडेला सुरकुत्या पडतात. ओठाचा स्नायू आपलं ऐकतो, डोळ्याचा सहसा ऐकत नाही. डार्विननं १८७२ च्या आपल्या पुस्तकात ही छायाचित्रं वापरली. विजेनं आणलेलं हसू त्यानं चोवीस जणांना दाखवलं. तिघांना काहीच उमजलं नाही. बाकीच्यांना हसण्यासारखं काहीतरी दिसलं, पण त्यांनी त्याला दिलेली नावं वेडीवाकडी होती. स्वाभाविक हसण्याचं छायाचित्र मात्र ज्यानं पाहिलं त्यानं लगेच ओळखलं. पुढच्या काळातल्या संशोधकांनी दाखवलं की सरावानं डोळ्यांचं हसूही काहींना आणता येतं, तेव्हा ही खूण शंभर टक्के नाही. तरी घरातला जुना फोटो हातात घेताना मी आता ओठ पाहत नाही, आधी डोळ्यांखालची जागा पाहतो. पुष्कळदा तिथं काहीतरी हललेलं असतं. ओठ दरबारी शिस्तीत आणि डोळे घरच्यासारखे, असे कितीतरी चेहरे सापडतात.

आता पुन्हा देवास. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव १८८८ मध्ये जन्मले, ११ वर्षांचे असताना गादीवर बसले. जवळची माणसं त्यांना बापूसाहेब म्हणत, फॉर्स्टरही म्हणे. माल्कम डार्लिंग हा त्यांचा शिक्षक, नंतर जन्माचा मित्र. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्याशी त्यांचं लग्न झालं. माळवा आणि करवीर यांचा हा संबंध दोन्हीकडे मोठ्या आशेनं पाहिला गेला. तो टिकला नाही. अक्कासाहेब कोल्हापूरला परतल्या. चिरंजीव विक्रमसिंहरावांशीही बेबनाव झाला. संस्थान कर्जात बुडालं. १९३३ च्या अखेरीस महाराज देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीला गेले ते परतले नाहीत, १९३७ मध्ये तिथेच वारले. विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले.

तुकोजीरावांच्या दरबारी तसबिरीकडे हे सगळं ठाऊक असताना पाहिलं, की तिच्यात दुःख दिसायला लागतं. पण हे आपण मागाहून घातलेलं दुःख आहे. तसबीर फक्त एवढंच सांगते, की हा देवासचा राजा आहे आणि त्याला तसंच पाहावं. हसणं नाही म्हणून आनंद नव्हता असं म्हणणं जितकं चूक, तितकंच चेहरा गंभीर म्हणून तो दुःखी होता असं म्हणणंही चूक.

त्यांचा खरा चेहरा कुठे आहे, तर १९२१ च्या गोकुळाष्टमीत. फॉर्स्टरनं त्या उत्सवाची पत्रं पानंच्या पानं लिहिली आहेत. महाराज गावातल्या जुन्या राजवाड्यात मुक्कामाला आले. रात्रंदिवस गजर, एकाच वेळी वाजणारी वाद्यं, फुलं, तूप, गुलाल, अनवाणी पायांखाली चिकचिक. तुकोबांवर महाराजांची निस्सीम भक्ती. ते देवासमोर गात होते, नाचत होते, देहभान हरपून. शेवटी मातीचं गोकुळ तलावात विसर्जित झालं. फॉर्स्टरचा देवावर विश्वास नव्हता, आवाजानं तो हैराण झाला होता, आणि तरी त्या चेहऱ्यांवरचं काहीतरी त्यानं मनात साठवून ठेवलं. १९२४ मध्ये ‘अ पॅसेज टू इंडिया’ आली, तिच्या शेवटच्या भागात हीच गोकुळाष्टमी आहे, तुकारामाच्या नावासकट. देवाच्या दर्शनाची वाट पाहणाऱ्या खेडूतांच्या चेहऱ्यावर एक तेज येतं, आणि ते त्या-त्या माणसाचं स्वतःचं राहत नाही, सगळ्यांचं एकच होतं, असं तो तिथे लिहितो.

हे तेज त्या काळच्या कॅमेऱ्याला धरता आलं नसतं. रात्र, गर्दी, धूर, हलणारी अंगं. काचेवर नुसता धूसर पट्टा उमटला असता. जे हसू पोज देत नव्हतं, ते एका परक्या माणसाच्या पत्रात उतरलं, आणि जे चेहरे पोज देत होते ते तसबिरींत राहिले. देवासचा इतिहास लिहिताना फक्त तसबिरी घेतल्या तर आपण एका खूप हसणाऱ्या दरबाराला सुतकी ठरवून मोकळे होऊ.

हसरा फोटो मराठी घरांत आला तो उशिरा. अमेरिकेत १८८८ मध्ये कोडॅक आला, १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राऊनी. सहल, सण, मुलं, समुद्रकिनारा, सगळे हसतायत, अशा जाहिरातींनी लोकांना फोटोत हसायला शिकवलं. आपल्याकडे बहुतेकांचा फोटो स्टुडिओतच निघायचा: मागे रंगवलेला बागेचा पडदा, कुंडी, ‘हलू नका’. पुढे बडोद्याला बनलेला अगफा क्लिक थ्री हातात आला. एका रोलमध्ये १२ फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी घरभर चर्चा. तोवर छायाचित्रकाराचं वाक्य बदललं होतं. ‘हलू नका’ जाऊन ‘हसा थोडं’ आलं, मग ‘स्माईल प्लीज’.

इथे काय बदललं आणि काय नाही, हे नीट पाहायला हवं. आजोबांना सांगितलं जात होतं गंभीर राहा, आपल्याला सांगितलं जातं हसा. दोन्ही वेळा कुणीतरी सांगतंय. आजच्या लग्नात स्टेजवर चारशे पाहुण्यांबरोबर उभं राहून नवरीचे गाल दुखतात, आणि अल्बमच्या प्रत्येक पानावर ती सारखीच हसते. शंभर वर्षांनी कुणी तो अल्बम उघडला तर त्याला वाटेल, २०२० च्या सुमारास माणसं अखंड आनंदात होती. आपण आजोबांबद्दल करतो तीच चूक तो उलट्या बाजूनं करील.

धारमध्ये पोजआडचा माणूस शोधण्याच्या प्रश्नाशी रोज हातघाईला येणारा एक माणूस राहत होता. रघुनाथ कृष्ण फडके, जन्म १८८४, वसईचे. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. ते धारला आले आणि तिथेच स्थायिक झाले, त्यांचा स्टुडिओ गावाची खूण बनला. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिल्पकाराला फोटोतली पोज पुरत नाही, त्याला गालाखालचा स्नायू लागतो. त्या काळी गेलेल्या माणसाचा पुतळा करायचा तर शिल्पकारापुढे बहुधा एखादी ताठ तसबीरच असायची. तिच्यातून माणूस बाहेर काढायचा, हे काम किती अवघड, ते मातीत हात घातलेल्यालाच कळतं.

आणि देवासच्या टेकडीखाली, चामुंडेच्या पायथ्याशी, १९४८ मध्ये कुमार गंधर्व येऊन राहिले. फुफ्फुसाचा क्षय, गाणं बंद. कित्येक वर्षं ते अंथरुणावरून माळव्याच्या बायकांची लोकगीतं ऐकत होते. पुन्हा गायला लागले तेव्हाची त्यांची छायाचित्रं काढून पाहा. तोंड उघडं, भुवया आकसलेल्या, हात हवेत फेकलेला. ‘चांगला फोटो’ म्हणतात त्या अर्थानं त्यातला एकही चांगला नाही. त्याच चेहऱ्यावर सम गाठताना जे उमटतं ते स्मितही नाही आणि हसितही नाही, पण डोळ्यांखालचा तो स्नायू तिथे जागा असतो. फॉर्स्टरच्या पुस्तकाला जिनं नाव दिलं तीच ही टेकडी. गोकुळाष्टमीत तुकोजीरावांचा चेहरा कॅमेऱ्यातून निसटला, आणि तीस-चाळीस वर्षांत त्याच गावात एका गवयाचा तसाच चेहरा फिल्मवर आला, कारण आता फिल्म वेगवान होती आणि तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

तुमच्या घरात धार, देवास, इंदूर, उज्जैनचा किंवा कुठलाही जुना ताठ चेहऱ्यांचा फोटो असेल, तर तो या दिवाळीच्या आवराआवरीत फेकू नका. घरात जे वडीलधारे आहेत त्यांना तो दाखवा. यातलं सगळ्यात थट्टेखोर कोण होतं, कोण हसताना डोळे मिटायचं, कुणाच्या हसण्याचा आवाज माडीवरून खाली यायचा, ते विचारा. मग मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, नाव, गाव, साल आणि ते उत्तर लिहून ठेवा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब आणि शाई काही वर्षांत पुढे चेहऱ्यावर उमटते.